औषध की अपेक्षा?

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच तरतरी आल्यासारखे वाटते. खरे तर त्या चहातले कॅफिन आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पुरेशा प्रमाणात पोहोचायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. मग पहिल्या घोटाची ती तरतरी कसली? थोडी गरम पेयाची, थोडी साखरेच्या चवीची, थोडी कामातून मिळालेल्या पाच मिनिटांच्या उसंतीची आणि बरीचशी सवयीने मनात तयार झालेल्या अपेक्षेची. मनावर परिणाम करणाऱ्या कोणत्याही पदार्थाचा अभ्यास करताना हीच गाठ आधी सोडवावी लागते. पदार्थाने काय केले आणि तो घेतल्याच्या नुसत्या जाणिवेने काय केले, हे वेगळे कसे करायचे?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केंब्रिजमधल्या एका डॉक्टरांनी हा प्रश्न स्वतःच्या बोटावर प्रयोग करून सोडवायचा प्रयत्न केला. त्यांचे नाव विल्यम हाल्स रिव्हर्स. इंग्रजी साहित्याच्या वाचकांना ते पहिल्या महायुद्धातल्या सैनिक-कवीवर उपचार करणारे डॉक्टर म्हणून माहीत असतात. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना निलगिरीतल्या तोडा समाजाचे अभ्यासक म्हणून माहीत असतात. मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या शास्त्रात त्यांनी केलेले काम मात्र फारसे सांगितले जात नाही. आज बाजारात येणारी मनोविकारावरील प्रत्येक गोळी ज्या परीक्षेतून जाते, तिच्या पायात रिव्हर्स यांनी घातलेला एक दगड आहे.

त्यांचा जन्म १२ मार्च १८६४ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि बोलण्यात अडखळणाऱ्यांवर उपचारही करत. लुईस कॅरोल या नावाने प्रसिद्ध असलेले लेखक त्यांच्याकडे उपचारासाठी येत. गंमत म्हणजे खुद्द विल्यम बोलताना अडखळत, आणि ही अडचण त्यांना आयुष्यभर कमी-अधिक जाणवत राहिली. शाळेच्या शेवटच्या काळात टायफॉइड झाला, केंब्रिजच्या शिष्यवृत्तीची संधी हुकली आणि ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यक शिकू लागले. पदवीनंतर काही काळ बोटीवर डॉक्टर म्हणून फिरले. मग लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मज्जाविकारांच्या रुग्णालयात काम करताना त्यांचे लक्ष मेंदूकडून हळूहळू मनाकडे वळले.

त्या काळी मनाचे प्रयोगशास्त्र शिकायचे तर जर्मनीला जावे लागे. रिव्हर्स १८९२ मध्ये येना इथे गेले आणि १८९३ मध्ये हायडेलबर्गला एमिल क्रेपेलिन यांच्या प्रयोगशाळेत पोहोचले. क्रेपेलिन यांचे नाव आज मनोविकारांच्या वर्गीकरणाशी जोडलेले आहे, पण त्याआधी त्यांनी वेगळीच वाट पाडली होती. मद्य, चहा, मॉर्फिन, क्लोरल यांसारखे पदार्थ देऊन माणसाच्या साध्या मानसिक क्रियांवर काय परिणाम होतो, हे ते घड्याळ लावून मोजत. एकेरी आकड्यांच्या बेरजा सलग करायला लावायच्या, अक्षरे मोजायला लावायची, आकड्यांच्या रांगा पाठ करायला सांगायच्या आणि दर काही मिनिटांनी किती काम झाले हे टिपायचे, अशी ती पद्धत. या प्रयोगांचे पुस्तक त्यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केले. आज ज्याला आपण सायकोफार्माकोलॉजी म्हणतो, त्या विषयाची प्रायोगिक सुरुवात बहुतेक इतिहासकार इथून मोजतात.

पाठोपाठ क्रेपेलिन यांनी अशा कामासाठी एक शोधपत्रिका सुरू केली. तिच्या पहिल्याच खंडात थकवा आणि त्यातून सावरणे या विषयावर रिव्हर्स आणि क्रेपेलिन यांचा संयुक्त लेख आहे. शोधपत्रिका सुरू होणे ही आज आपल्याला किरकोळ घटना वाटेल. पण तोवर अफू, मद्य किंवा भांग यांचा मनावर काय परिणाम होतो हे बहुतांशी प्रवासवर्णनांतून, आत्मकथनांतून किंवा डॉक्टरांच्या आठवणींतून कळत असे. शोधपत्रिकेत लिहायचे तर मात्रा किती, वेळ कोणती, आधी काय खाल्ले होते, किती वेळा मोजले, हे सगळे मांडावे लागते. म्हणजे दुसऱ्या गावातला दुसरा माणूस तोच प्रयोग करून पाहू शकतो आणि तुमचे चुकले असेल तर तसे सांगूही शकतो. ही शिस्त रिव्हर्स यांनी हायडेलबर्गमध्ये उचलली.

तिथेच त्यांना त्या पद्धतीतली फटही दिसली असावी, कारण पुढे नेमके तिथेच त्यांनी बोट ठेवले. क्रेपेलिन यांच्या प्रयोगांत भाग घेणारे बहुधा स्वतः प्रयोगकर्ते किंवा त्यांचे विद्यार्थी असत. आज आपण मद्य घेतले आहे की नुसते पाणी, हे त्यांना पक्के ठाऊक असे. मद्याने माणूस हुशारतो की मंदावतो याबद्दल प्रत्येकाचे काही मत असणारच. ते मत बेरजांच्या आकड्यांत उतरत नसेल कशावरून?

केंब्रिजला परतल्यावर रिव्हर्स इंद्रियांचे शरीरक्रियाशास्त्र आणि प्रायोगिक मानसशास्त्र शिकवू लागले. इंग्लंडमधल्या पहिल्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळा उभ्या करण्यात त्यांचा हात होता. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर केंब्रिजची मोहीम गेली, तेव्हा ते उपकरणे घेऊन सोबत होते. वन्य माणसाची नजर गरुडासारखी तीक्ष्ण असते, असा त्या काळी युरोपात समज होता. रिव्हर्स यांनी मोजून पाहिले तर बेटवासीयांची दृष्टी चांगली होती, पण विलक्षण अशी नव्हती. दूरची होडी ते आधी ओळखत, ते त्या समुद्राशी असलेल्या रोजच्या परिचयामुळे. समज एक सांगतो आणि मोजमाप दुसरेच सांगते, हा धडा इथे पुन्हा मिळाला.

१९०१-०२ मध्ये ते निलगिरीत आले. तोडा हा म्हशी पाळणारा, जेमतेम आठशे माणसांचा समाज. रिव्हर्स यांनी दुभाष्यांच्या मदतीने घराघरांतल्या वंशावळी लिहून घेतल्या आणि त्यांवरून विवाह, नाती, वारसा यांची घडण उलगडली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये आला. त्याचबरोबर त्यांनी तोडांची नजर, स्पर्श, वेदना आणि दृष्टिभ्रम यांच्या चाचण्याही घेतल्या. हे निष्कर्ष ज्या शोधपत्रिकेत छापले गेले, ती रिव्हर्स यांनी स्वतःच जेम्स वॉर्ड आणि चार्ल्स मायर्स यांच्यासह १९०४ मध्ये सुरू केली होती. ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी हे तिचे नाव. ती आजही निघते.

याच काळात आणखी एक अचाट प्रयोग चालू होता. रिव्हर्स यांचे मित्र, मज्जातज्ज्ञ हेन्री हेड यांनी एप्रिल १९०३ मध्ये शस्त्रक्रिया करवून स्वतःच्या डाव्या हाताची एक मज्जातंतू कापून घेतली. ती भरून येताना संवेदना कोणत्या क्रमाने परततात हे त्यांना पाहायचे होते. पुढची चार वर्षे हेड सवड काढून केंब्रिजला येत, डोळे मिटून बसत आणि रिव्हर्स त्यांच्या हाताला कापूस, टाचणी, थंड-गरम नळी लावून उत्तरे टिपत. या प्रयोगातून दोघांनी मांडलेला संवेदनांचा सिद्धान्त पुढे टिकला नाही. मात्र त्या खोलीत पाळलेला एक नियम टिकला. उत्तर देणाऱ्याला आता काय होणार आहे हे कळता कामा नये.

हाच नियम रिव्हर्स यांनी औषधांना लावला. १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये मानाची क्रूनियन व्याख्याने देण्यासाठी त्यांना बोलावले होते. विषय होता मद्य आणि इतर पदार्थांचा थकव्यावर होणारा परिणाम. त्यासाठीच्या प्रयोगांत त्यांनी अर्गोग्राफ हे यंत्र वापरले. हात घट्ट बांधलेला, एका बोटाला दोरी, दोरीला वजन. ठरावीक तालावर बोट वाकवून वजन उचलत राहायचे आणि प्रत्येक वेळी ते किती उंच गेले याची रेघ काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर उमटत जायची. रेघा लहान होत होत शेवटी बोट हलेनासे होते. कॅफिन किंवा मद्य घेतल्यावर हे काम वाढते की घटते, एवढाच प्रश्न.

प्रश्न साधा, पण रिव्हर्स यांनी त्याभोवती घातलेले कुंपण पाहण्यासारखे आहे. त्यांनी प्रयोगाआधी बराच काळ चहा, कॉफी आणि मद्य सोडून दिले. रोजची सवय असलेल्या माणसाला एखाद्या दिवशी चहा मिळाला नाही तर तो मरगळतो. मग पुढच्या दिवशीच्या चहाने आलेला जोम हा चहाचा गुण की मरगळ गेल्याचा परिणाम, हे सांगता येत नाही. दुसरे असे की, पदार्थ त्यांनी उग्र चवीच्या मिश्रणात लपवला आणि तशाच चवीचे, पण पदार्थ नसलेले दुसरे मिश्रण तयार ठेवले. आज कोणते पोटात गेले आहे, हे बोट हलवणाऱ्याला कळायला मार्ग ठेवला नाही. प्लासिबो म्हणजे औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली मात्रा. ती प्रयोगात अशी जाणूनबुजून वापरणे त्या काळी फारच दुर्मीळ होते. लोकांचे डोळे बांधून दाव्यांची परीक्षा घेण्याची कल्पना जुनी होती. पॅरिसमध्ये १७८४ सालीच मेस्मेरच्या चुंबकीय उपचारांची अशी तपासणी झाली होती. पण मनावर आणि थकव्यावर काम करणाऱ्या पदार्थांचे मोजमाप या कसोटीवर घासण्याचे श्रेय मुख्यतः रिव्हर्स यांना जाते.

निकाल काय आला? वेबर या सहकाऱ्याबरोबर केलेल्या प्रयोगांत कॅफिन परीक्षेला उतरले. चव लपवूनही, न कळताही, त्याने स्नायूंची काम करण्याची क्षमता वाढवली. १९०७ मध्ये हा निष्कर्ष शरीरक्रियाशास्त्राच्या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. मद्याची गोष्ट वेगळी निघाली. थोडे मद्य घेतले की अंगात बळ येते, असे आधीच्या काही प्रयोगांतून दिसले होते. चव लपवल्यावर लहान मात्रेतले ते बळ दिसेना. म्हणजे आधीच्या निष्कर्षांतला बराचसा भाग मद्याच्या चवीचा, उत्सुकतेचा आणि सूचनेचा असला पाहिजे, असे रिव्हर्स यांनी मांडले. हे सारे १९०८ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात उणीव होतीच. भाग घेणारी माणसे इतकी थोडी होती की आजची कोणतीही शोधपत्रिका तेवढ्यावर निष्कर्ष काढू देणार नाही. पण तुलनेसाठी रिकामी मात्रा हवी, ती ओळखू येता कामा नये आणि आधीच्या सवयीचा हिशेब धरायला हवा, या तीन अटी आजही तशाच आहेत.

इथवरचे रिव्हर्स प्रयोगशाळेतले. अपेक्षा हा त्यांच्या लेखी प्रयोगात घुसणारा केर होता आणि तो झाडून टाकायचा होता. महायुद्धाने त्यांना याच अपेक्षेची दुसरी बाजू दाखवली.

१९१५ नंतर ते लष्करी रुग्णालयांत काम करू लागले आणि १९१६ मध्ये एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात आले. खंदकांतून परतलेले अधिकारी इथे येत. शरीराला जखम नाही, पण झोप नाही, रात्री किंचाळत उठणे, हात थरथरणे, कुणाची वाचा गेलेली. अशा सैनिकांना काही ठिकाणी विजेचे झटके देऊन बोलते करत. इतरत्र त्यांना सगळे विसरून जा, चांगल्या गोष्टींचा विचार करा, असे सांगितले जाई. रिव्हर्स यांच्या लक्षात आले की दिवसा नेटाने दाबलेली आठवणच रात्री दुप्पट जोराने परत येते. म्हणून ते रुग्णाला ती आठवण टाळू नका असे सांगत, त्याच्याशी तिच्याविषयी बोलत आणि तिच्यात सोसता येईल अशी एखादी बाजू सापडते का हे त्याच्यासोबत शोधत. फ्रॉइडचे विस्मरणाविषयीचे म्हणणे त्यांनी स्वीकारले. मात्र सगळ्याचे मूळ कामवासनेत असते, हे त्यांना पटले नाही. समोरच्या तरुणांना मृत्यूच्या भीतीने घेरले होते, हे त्यांना उघड दिसत होते.

डिसेंबर १९१७ मध्ये त्यांनी हे अनुभव डॉक्टरांसमोर मांडले आणि १९१८ च्या फेब्रुवारीत ते लॅन्सेटमध्ये छापून आले. त्या लेखातल्या दोन गोष्टी शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाचा नमुना आहेत. पहिली म्हणजे, जिथे पद्धत चालली नाही ते उदाहरणही त्यांनी दिले. एका अधिकाऱ्याची आठवण इतकी भीषण होती की तिला सुसह्य बाजूच नव्हती. त्याला सैन्यातून मोकळे करून खेड्यातल्या शांत वातावरणात पाठवणे एवढेच हाती उरले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या उपचाराने रुग्ण सुधारले, तरी त्या सुधारणेत डॉक्टरवरचा विश्वास आणि सूचना यांचाही वाटा असू शकतो, हे त्यांनी स्वतःच नोंदवले. कॅफिन चवीमागे लपवता येते. बोलणारा डॉक्टर कशामागे लपवणार? अर्गोग्राफवरचा माणूस हे विसरला नव्हता.

त्या रुग्णालयातली सर्वात प्रसिद्ध गोष्ट कवी सीगफ्रीड ससून यांची. युद्ध विनाकारण लांबवले जात आहे, असे जाहीर निवेदन केल्यामुळे जुलै १९१७ मध्ये त्यांना रुग्ण ठरवून इथे पाठवले गेले. रिव्हर्स यांना त्यांच्यात वेड काहीच दिसले नाही. पण लष्करी डॉक्टरचे काम माणसाला बरे करून पुन्हा आघाडीवर धाडणे हे होते. काही महिन्यांच्या बोलण्यानंतर ससून परत लढायला गेले. ते वाचले, तसे गेलेले सगळे वाचले नाहीत. या पेचाने रिव्हर्स यांना सोडले नाही. त्यांनी स्वतःच्या स्वप्नांचे विश्लेषण लिहून ठेवले आहे. युद्ध चालू राहावे असे मानणारा अधिकारी आणि ते थांबावे असे वाटू लागलेला माणूस यांचे भांडण त्यात स्पष्ट दिसते. बरे करणे म्हणजे नेमके कशासाठी बरे करणे, हा मनाच्या डॉक्टरांपुढचा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

युद्धानंतर रिव्हर्स केंब्रिजला परतले. ब्रिटिश मानसशास्त्रीय संस्थेत १९१९ मध्ये वैद्यकीय शाखा निघाली. तिच्या उभारणीत ते पुढे होते आणि प्रयोगशाळा व रुग्णालय यांना एका टेबलाशी आणणारी शोधपत्रिका त्या शाखेतून निघाली. अडखळत बोलणारे, एकटे राहणारे रिव्हर्स आता विद्यार्थ्यांत मोकळेपणाने मिसळू लागले होते. त्या विद्यार्थ्यांत मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये होते. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर गेलेले घुर्ये रिव्हर्स यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होते.

१९२२ मध्ये मजूर पक्षाने लंडन विद्यापीठाच्या जागेसाठी रिव्हर्स यांना उमेदवारी दिली होती. पण जूनच्या सुरुवातीला, सणाच्या सुट्टीत, आतड्याला पीळ बसून अडकलेल्या हर्नियाने त्यांना गाठले. शस्त्रक्रिया झाली, उशीर झाला होता. ४ जून १९२२ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी ते गेले. घुर्ये यांनी आपला प्रबंध ए. सी. हॅडन यांच्याकडे पूर्ण केला, मुंबईला येऊन विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळला आणि त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे यांच्यासारखे विद्यार्थी घडले. मराठी माणसाच्या दारापर्यंत रिव्हर्स असे येऊन पोहोचतात.

औषधांच्या बाबतीत मात्र त्यांची परीक्षा अजून संपलेली नाही. १९५० च्या दशकात मनोविकारांवरची आधुनिक औषधे आली आणि चाचणी दोन्ही बाजूंनी अंध असावी, म्हणजे औषध कोणते हे रुग्णालाही कळू नये आणि तपासणाऱ्यालाही कळू नये, हा दंडक हळूहळू रूढ झाला. नैराश्यावरच्या औषधांच्या चाचण्यांत रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना बरे वाटते. याचा अर्थ आजार खोटा होता किंवा औषध निरुपयोगी आहे असा नाही. काळ, काळजी, नियमित भेटी आणि आशा यांनीही मनाला खरेच उतार पडतो. औषधाला त्यावर किती भर घालता येते, एवढे चाचणी सांगते. म्हणून प्लासिबोविषयी वाचून कुणी आपली चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. काही औषधे अचानक थांबवण्यानेच त्रास होतो.

अडचण होते ती लपवता न येणाऱ्या औषधांची. एमडीएमए हे मनावर ठळक परिणाम करणारे द्रव्य मानसोपचारासोबत द्यायला परवानगी मिळावी, असा अर्ज अमेरिकेच्या औषध नियामकांपुढे आला होता. ज्या आजारासाठी ते सुचवले होते तो आघातानंतरचा मानसिक विकार, म्हणजे क्रेगलॉकहार्टच्या रुग्णांच्या दुखण्याचा आजचा जवळचा नातलग. २०२४ मध्ये नियामकांनी मंजुरी दिली नाही. आपल्याला खरे औषध मिळाले आहे हे बहुतेक रुग्ण ओळखत होते, हा त्या चर्चेतला एक मोठा आक्षेप होता. चव लपवता येत नसेल तर काय करायचे, हा रिव्हर्स यांचाच प्रश्न तिथे उभा होता.

आपल्यापुरता त्याचा उपयोग सोपा आहे. स्मरणशक्तीची पूड, तणाव घालवणारे थेंब, मुलांची एकाग्रता वाढवणारे टॉनिक यांच्या जाहिराती रोज समोर येतात. किती जणांना गुण आला हे त्यांत ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ज्यांना ते औषध दिले नव्हते त्यांना किती गुण आला, आणि आपण काय घेतो आहोत हे दोन्ही गटांना माहीत होते का, हे दोन प्रश्न विकणाऱ्याला विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.